अर्धाच उघडणारा खटक्याचा चाकू: पिनला हात लावण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर तिथेच कळेल. तुम्ही टेक्सासात, सॅन अँटोनिओला राहता. एका वृद्ध गृहस्थांच्या पश्चात घरातल्या सामानाची विक्री होती, तिथे तुम्हाला जुना इटालियन खटक्याचा चाकू मिळाला. उघडल्यावर टोकापासून टोकापर्यंत ११ इंच, मूठ काळी, पात्याच्या बुडाशी फक्त ‘इटली’ एवढं वाचता येतं. बटण दाबलं की पातं सुटतं, पण पाऊण वाटेवर थांबतं. पुढे बोटाने ढकललं तर खट्‌ करून लॉक होतं. तुम्ही घरातलं खोबरेल सोडून पाहिलंत, दोन दिवस बरं वाटलं आणि मग पहिल्यापेक्षा मंद झालं. आता विचारताय की स्प्रिंग बदलावी का, पिना काढून घरी खोलता येईल का, मला पोस्टाने पाठवू का, आणि नीट झाल्यावर साताऱ्याला वडिलांसाठी नेता येईल का.

शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ आहे, कारणं पुढे सांगतो. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर चाकू हातात घेतल्याशिवाय कोणी ठामपणे देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पण तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला वाटतं की तुमची स्प्रिंग ठीक आहे, आणि ती बदलायच्या नादात तुम्ही चांगली वस्तू बिघडवाल. खरा प्रश्न ‘कसं खोलू’ हा नाहीच. न खोलता किती करता येईल, हा आहे.

मी मूळचा भोसरीतल्या एका टूलरूमचा फिटर. इकडे ओरेगॉनमध्ये पोर्टलंडजवळच्या मशीन शॉपमध्ये बरीच वर्षं काढली आणि वीसेक वर्षं हे जुने चाकू दुरुस्त करतोय, जमवतोय. हा नाद इथेच लागायला कारण आहे. ओरेगॉनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली राज्य विरुद्ध डेल्गाडो या खटल्यात खटक्याच्या चाकूवरची बंदी राज्यघटनेविरुद्ध ठरवली. गर्बर, कर्शॉ, बेंचमेड हे सगळे चाकूवाले याच पोर्टलंडच्या परिसरात. माझ्या शॉपमधला निम्मा स्टाफ दुपारच्या डब्याच्या वेळी चाकूंवरच बोलायचा.

आता मुद्द्यावर. या इटालियन चाकूत दोन वेगळी कामं दोन वेगळ्या पट्ट्या करतात, आणि लोक इथेच घोटाळा करतात. मुठीच्या आत एक पातळ सपाट स्प्रिंग असते, ती पात्याच्या बुडाला लाथ मारते. तिला मी ‘लाथेची पट्टी’ म्हणतो. मुठीच्या पाठीवर दुसरी जाड पट्टी असते, ती उघडलेलं पातं धरून ठेवते. ती ‘कुलपाची पट्टी’. बटणाखाली एक छोटा झुलता तुकडा असतो. त्याची खुंटी बंद पात्याच्या बुडातल्या भोकात अडकलेली असते. बटण दाबलं की खुंटी वर येते, पातं मोकळं होतं आणि लाथेची पट्टी त्याला हाणते.

लक्षात घ्यायची गोष्ट ही की ही पट्टी पात्याला शेवटपर्यंत ढकलत नेत नाही. सुरुवातीला जोरात हाणते, पुढचं अंतर पातं मिळालेल्या वेगावर कापतं. कॅरमचा स्ट्रायकर आठवा. बोटाची टिचकी क्षणभराची असते, सोंगटी भोकात जाणार की वाटेत थांबणार हे बोर्डावरची पावडर ठरवते. तुमचं पातं जोरात सुटतंय आणि पाऊण वाटेवर थांबतंय. म्हणजे टिचकी नीट बसलीय, बोर्ड चिकट झालाय. स्प्रिंग तुटली असती तर पातं सुटलंच नसतं, नुसतं लोंबकळलं असतं.

हे पडताळायला एक तपासणी करा. डोळ्यांवर चष्मा लावा, पातं स्वतःकडे आणि कोणाकडेही नको. पातं उघडून कुलूप सोडवा आणि पात्याची पाठ अंगठ्याने रेटत अगदी सावकाश बंद करत जा, धार बंद होते त्या फटीत बोट अजिबात नको. आता हाताला काय लागतं ते पाहा. शेवटच्या टप्प्यात दाब एकसारखा वाढत गेला तर पट्टी जिवंत आहे. वाळू चावल्यासारखी किरकिर आली तर पातं ज्यावर फिरतं त्या खिळ्याभोवती घाण आहे. दाब वाढता वाढता मध्येच एकदम मऊ पडला, किंवा बारीक टिक आवाज आला, तर पट्टीला तडा आहे, आणि मग त्या चाकूचा खटका पुन्हा दाबू नका. चौथी शक्यता म्हणजे एका ठरावीक जागी पातं घासतं आणि त्या जागी पात्याच्या गालावर चकचकीत ओरखडा दिसतो. तेव्हा चाकू कधीतरी पडून मुठीचं टोक दबलेलं असतं, किंवा पातं किंचित वाकलेलं असतं. दुसरी सोपी खूण अशी: टोक जमिनीकडे करून खटका दाबला तर पूर्ण उघडतो आणि टोक वर केलं की अडकतो, असं होत असेल तर दहातल्या नऊ वेळा दोष घाणीचाच निघतो. हा माझ्या टेबलावरचा अंदाज आहे, कुठल्या पुस्तकातला नाही.

आणि आता खोबरेल. रागावत नाही, माझ्या आईनेही शिलाई मशीनला एकदा तेच घातलं होतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. टेक्सासात बाहेर कितीही ऊन असो, घरात एसी असतो. तेल घातलं त्या दिवशी पातळ होतं म्हणून पातं पळालं, मग आत जाऊन थिजलं आणि जुन्या धुळीला धरून त्याचा लगदा झाला. शिवाय कालांतराने ते खवटही होतं. म्हणजे तुमच्या चाकूला आधीचा एक आजार होता आणि त्यावर तुम्ही दुसरा चढवलात.

तो धुवायचा कसा, हे मूठ कशाची आहे त्यावर ठरतं. तुमची काळी मूठ शिंगाची असेल तर तिला पाण्यात बुडवू नका. शिंग पाणी पितं, फुगतं आणि वाळताना पिनांपाशी तडकतं. सेल्युलॉइड, म्हणजे एक जुन्या प्रकारचं प्लॅस्टिक, असेल तर ॲसिटोन, म्हणजे नेलपॉलिश काढायचं पाणी, चुकूनही लावू नका, मूठ विरघळेल. ओळखायला लोक तापलेली सुई टोचतात, तो मूर्खपणा करू नका. सेल्युलॉइड पेट घेतं आणि शिंगाला कायमचा डाग पडतो. मोबाइलचा दिवा मुठीच्या कडेला तिरपा धरा. शिंगात बारीक लांब तंतू आणि मधूनच तपकिरी छटा दिसते, प्लॅस्टिक सरसकट एकसारखं काळं दिसतं. कोरड्या अंगठ्याने जोरात चोळून वास घेतला तर शिंगाला जळक्या केसांचा हलकासा वास येतो आणि सेल्युलॉइडला कापरासारखा. वासात आश्चर्य नाही, सेल्युलॉइड बनवताना कापूर घालतातच.

दोन्ही मुठींना चालेल असं द्रव म्हणजे सिगारेट लायटरमध्ये भरायचं पेट्रोल. अंगणात बसा, आसपास विस्तव नको. धारेवर मास्किंग टेप गुंडाळा. पातं उघडं ठेवून बुडापाशी, खिळ्याच्या दोन्ही बाजूंना थेंब थेंब सोडा, पातं हाताने धरून थोडं मागे-पुढे करा, आणि जे काळं पाणी बाहेर येईल ते जुन्या सुती कापडाने टिपा. पुन्हा सोडा, पुन्हा टिपा. माझ्याकडे आलेल्या एका चाकूतून तपकिरी पाणी सातव्या वेळेपर्यंत येत होतं, आणि त्याबरोबर कोणाच्या तरी खिशातला तंबाखूही. द्रव स्वच्छ यायला लागलं की रात्रभर उघड्यावर वाळू द्या. सकाळी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाचणीच्या टोकावर घेऊन खिळ्यापाशी सोडा. दुसरा थेंब नको, तो फक्त धूळ बोलावतो. आणि डब्ल्यूडी-४० हे कायमचं वंगण म्हणून वापरू नका. ओल काढायला आणि गंज सोडवायला ते उत्तम, पण उडून जातं आणि मागे पापुद्रा ठेवतं.

बहुतेक चाकू इथेच पळायला लागतात. तुमचाही पळेल असं मला वाटतं.

नाही पळाला तर? मग खिळ्याची घट्टाई पाहा. आधीच्या कोणीतरी हलणारं पातं घट्ट करायला खिळा जास्त ठोकलेला असतो, हे फार दिसतं. डुगडुगणारा खिळा घट्ट करणं सोपं आहे, जास्त घट्ट झालेला सैल करणं जवळजवळ अशक्य. म्हणून मी ठोकायच्या आधी पात्याचं बूड आणि मुठीच्या आतलं पितळी अस्तर यांच्या फटीत ०.०५ मिलिमीटरची फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्री) सरकवून ठेवतो, छोट्या हातोडीने खिळ्याच्या डोक्याच्या कडेने फिरत हलके टोले देतो, आणि दर तीन-चार टोल्यांनी गेज ओढून पाहतो. गेज जड सरकायला लागली की थांबायचं. मग गेज काढली की तेवढीच फट उरते, पातं डुगडुगत नाही आणि अडतही नाही.

तडा गेलेली पट्टी हा वेगळा अध्याय आहे. तिथे खोलण्यावाचून पर्याय नसतो, आणि मूळ पट्टी सहसा कुठे विकत मिळत नाही, ती घडवावी लागते. एवढं सांगतो, कारण यात मी सपाटून मार खाल्लाय. माझी पहिली पट्टी दिसायला सुरेख होती. जास्त कार्बनच्या पोलादाची, तांबडी लाल करून तेलात बुडवलेली, मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा हलकी तापवून, रंग पाहत पाहत टेंपर उतरवलेली. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास मोरपिशी निळा आला की थांबायचं. सगळं बरोबर केलं आणि ती पट्टी चाळिसेक वेळा उडून मधोमध तुटली. भिंगाखाली पाहिलं तर तडा कानशीच्या एका आडव्या ओरखड्यातून निघाला होता. पट्टी वाकते लांबीच्या दिशेने, म्हणून आडवा ओरखडा हा तिच्यासाठी फाटायला आखून दिलेली रेघ असतो. तेव्हापासून शेवटचा हात मी लांबीच्या दिशेनेच मारतो, पॉलिश कागदानेसुद्धा, आणि पाणी पाजण्याआधी. आमच्या गावचा लोहार विळ्याला पाणी पाजताना कधी एक शब्द बोलायचा नाही, नजर रंगावरून हलायची नाही. हे काम करायला लागल्यावर ते मला उमगलं.

आता पिना. तुम्ही विचारलंय की पिना ड्रिलने काढून नव्या ठोकल्या तर काय बिघडलं? चाकूचं काही बिघडणार नाही, संग्रहाचं बिघडेल. जुन्या चाकूत मुठीच्या टोकाची धातूची टोपी (याला इकडे बोल्स्टर म्हणतात) आणि त्यातून गेलेली पिन कारागिराने एकत्र घासून सपाट केलेली असते. पिनचं डोकं शोधूनही दिसत नाही. एकदा ड्रिल लागला की तिथे कायम एक वर्तुळ दिसतं. मी पहिल्या वर्षी एका जुन्या चाकूच्या पिना काढल्या, नव्या चकचकीत ठोकल्या आणि वर बोल्स्टरला बफही मारला. यूजीनला एप्रिलमध्ये चाकू जमवणाऱ्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे अभिमानाने घेऊन गेलो. एका म्हाताऱ्या संग्राहकाने तो हातात घेतला, बोल्स्टर दिव्याकडे तिरपं केलं, आणि काही न बोलता परत टेबलावर ठेवून दिला. चाकू फटाक्यासारखा उडत होता, पण ते त्याने पाहिलंसुद्धा नाही.

म्हणून खोलायचा की नाही हे ठरवण्याआधी तुमच्या हातात काय आहे ते ओळखा. पातं बंद करताना काय करावं लागतं? मुठीच्या टोकाचं बोल्स्टर थोडं तिरपं फिरवून पातं सुटत असेल तर तो फिरत्या बोल्स्टरचा, साधारण पन्नासच्या दशकाच्या शेवटापासून रूढ झालेला प्रकार. बोल्स्टर हलतच नाही आणि पात्यापाशी पाठीची पट्टी नखाने उचलावी लागते, असं असेल तर तो त्याआधीचा ‘पिकलॉक’. तो असेल तर कृपा करून काही म्हणजे काहीही खोलू नका, मंद उडतो तर मंद उडू द्या. बोल्स्टरवर स्क्रू दिसले, धातू हलकी आणि करड्या रंगाची वाटली, आत गुंडाळीची स्प्रिंग दिसली, तर ती पुढच्या काळातली स्वस्त नक्कल असण्याचीच शक्यता जास्त. त्यावर हात साफ करून घ्यायला माझी काही हरकत नाही, शिकायला तसाच चाकू बरा.

हे चाकू बहुतेक करून ईशान्य इटलीतल्या मानियागो या गावचे. डोंगरपायथ्याचं गाव. १४५३ साली तिथे कोल्वेरा नदीचं पाणी कालव्याने वळवायला परवानगी मिळाली, त्या पाण्यावर घण चालायला लागले आणि गाव चाकूंचं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी हे चाकू खिशातून घरी आणले आणि पन्नासच्या दशकात त्यांचं इकडे पेव फुटलं. तुमच्या त्या वृद्ध गृहस्थांनी तो कुठून आणला हे घरच्यांना विचारता आलं तर विचारा, आणि कागदावर लिहून चाकूबरोबर ठेवा. संग्राहकाच्या लेखी त्या कागदाला नव्या स्प्रिंगपेक्षा जास्त किंमत आहे.

ठेवण्याबद्दल थोडंसं. सेल्युलॉइडची मूठ असलेला चाकू इतर चाकूंपासून लांब ठेवा. जुनं सेल्युलॉइड सडायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या पात्यांनाही गंज चढवतं. माझ्या एका बंद डब्यात एकाच्या पापाने चार पाती काळी पडली. चामड्याच्या म्यानातही कायमचा ठेवू नका, चामडं कमावताना वापरलेली रसायनं पोलाद आणि पितळ दोन्ही खातात. शिंगाला किडा लागतो, लोकरीच्या कपड्यांना लागतो तसाच, म्हणून सहा महिन्यांनी एकदा बाहेर काढून पाहा. बंद ठेवावा की उघडा यावर दोन संग्राहकांचं एकमत होत नाही. चांगल्या टेंपरची पट्टी दबून राहिल्याने सैल पडत नाही, ती झिजते उडवण्याने. पण सत्तर वर्षं जुन्या, आतून गंजलेल्या पट्टीवर सतत ताण ठेवायला माझं मन धजत नाही. माझे जुने सगळे उघडे, कुलूपबंद ड्रॉवरमध्ये, नवे बंद. घरात लहान मुलं असतील तर हा हिशेब बदला. आणि पाहुणे आले की खटाखट उडवून दाखवणं बंद करा. दर वेळी पात्याचं बूड अडणीवर आदळतं.

पोस्टाचं आता. अमेरिकेचा केंद्रीय कायदा १२ ऑगस्ट १९५८ चा आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खटक्याच्या चाकूचा व्यापार त्याने बंद केला, आणि मोजके सरकारी अपवाद सोडले तर पोस्टानेही पाठवता येत नाही. टेक्सासने २०१३ साली आपली बंदी उठवली, मिशिगनने २०१७ साली, मॅसॅच्युसेट्सची २०२४ साली तिथल्या न्यायालयाने रद्द केली. पण हे झाले राज्यांचे कायदे, केंद्राचा आहे तसाच उभा आहे. म्हणून मी कोणाचाही चाकू टपालाने घेत नाही, ओळखीचा असो वा अनोळखी. टेक्सासात पात्याची लांबी साडेपाच इंचांच्या पुढे गेली की शाळा वगैरे ठिकाणी नेण्यावर बंधन आहे. ११ इंची चाकूचं पातं सहसा त्याच्या आत बसतं, तरी मोजून घ्या.

आणि सातारा. वडिलांनी तरुणपणी पाहिलेला ‘रामपुरी’ तुम्हाला आठवतोय हे वाचून मजा वाटली. आपल्याकडे बटणाच्या कुठल्याही चाकूला रामपुरी म्हणतात, पण मी हाताळलेले जुने रामपुरी हाताने उघडायचे होते आणि उघडताना दात्यांवरून कटकट वाजायचे. दिल्लीच्या १९८० च्या अधिसूचनेत तर ‘गरारीदार’ (दात्यांचा) आणि ‘बटणदार’ अशी दोन्ही नावं वेगवेगळी येतात: पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद असेल, तर सार्वजनिक जागी बाळगायला बंदी. देशभर लागू असलेल्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात, तुमचं पातं तेवढं मोठं नाही, हे खरं. पण महाराष्ट्रात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली वरचेवर मनाई आदेश निघतात, त्यात चाकू-सुरे बाळगायलाच बंदी असते. आणि पहाटे तीन वाजता मुंबईच्या कस्टमच्या टेबलावर पट्टी घेऊन मिलिमीटरचा वाद घालायची तुमची तयारी आहे का? माझी नाही. गेल्या वीस वर्षांत मी एकही चाकू भारतात नेलेला नाही. भाच्याने मागितला तेव्हा त्याला फोटोंचा अल्बम नेऊन दिला.

वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवा. बटण त्यांना दाबता येणार नाही, पण खट्‌ आवाज नीट ऐकू जातो, मी माझ्या भावाबरोबर करून पाहिलंय.

तर आधी लायटरच्या पेट्रोलने ते खोबरेल काढा, वाळू द्या, तेलाचा एक थेंब सोडा आणि टोक वर करून पाच वेळा खटका दाबून पाहा. तरीही अडला तर तीन फोटो टाका: पात्याचं बूड दोन्ही बाजूंनी, आणि बोल्स्टर खिडकीच्या उजेडात तिरपं धरून, पिनचं डोकं दिसतंय की नाही ते कळेल असं. शेजारी एक नाणं ठेवा, म्हणजे मापाचा अंदाज येईल. तोवर ड्रिल कपाटातच राहू द्या.